व्हाइट स्ट्राइप्स ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पोहोचले, पण त्याच शहरातले डर्टबॉम्ब्स मागे का राहिले?

युरोपातला फुटबॉलचा एखादा मोठा सामना तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल, तर एक चाल तुमच्या कानावरून नक्की गेली आहे. तिला शब्द नाहीत. फक्त सात स्वर आहेत आणि हजारो प्रेक्षक ते एका सुरात ‘ओ ओ ओ’ करत ओरडतात. २००३ साली बेल्जियमच्या क्लब ब्रुज या टीमच्या चाहत्यांनी ही चाल उचलली. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीच्या चाहत्यांनी ती डोक्यावर घेतली. तेव्हापासून ती स्टेडियममधून बाहेर पडलेलीच नाही.

गाण्याचं नाव ‘सेव्हन नेशन आर्मी’. बँडचं नाव द व्हाइट स्ट्राइप्स. शहर अमेरिकेतलं डेट्रॉइट.

याच व्हाइट स्ट्राइप्सचा ८ नोव्हेंबर २०२५ ला लॉस एंजेलिसमधल्या सोहळ्यात ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. इगी पॉपने त्यांची ओळख करून दिली. ड्रमर मेग व्हाइट आली नाही, तेव्हा दोघांनी मिळून लिहिलेलं भाषण जॅक व्हाइटने एकट्याने वाचलं. त्याचे व्हिडिओ फिरले आणि त्यासोबत वीस-बावीस वर्षं जुना एक शब्द पुन्हा फिरायला लागला, ‘गॅरेज रॉक रिव्हायव्हल’. मग याद्या आल्या. स्ट्रोक्स, हाइव्ह्स, व्हाइन्स, व्हाइट स्ट्राइप्स. प्रत्येक यादीत साधारण हीच चार-पाच नावं.

या याद्यांमध्ये एक नाव एक तर नसतं, नाहीतर सगळ्यात खाली असतं. द डर्टबॉम्ब्स. हा बँड व्हाइट स्ट्राइप्सच्याच शहरातला, त्यांच्याच क्लबमध्ये वाजवणारा, त्यांच्याआधी सुरू झालेला. त्यांचं एक रेकॉर्डिंग तर जॅक व्हाइटच्या घरात झालंय. आणि हा बँड ज्याने काढला त्या मिक कॉलिन्सचा त्याआधीचा बँड नसता, तर डेट्रॉइटचा तो आवाजच वेगळा असता, असं मानणारे बरेच लोक आहेत.

मग एक बँड स्टेडियममध्ये आणि दुसरा यादीच्या तळाशी, असं का झालं? ‘नशीब’ हे उत्तर सोपं आहे, पण ते पुरत नाही.

आधी हे गॅरेज रॉक काय आहे?

आपल्याकडे गॅरेज म्हटलं की ऑइलने काळे झालेले हात आणि खोललेली बाइक डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली, गाडी ठेवायची खोली. १९६० च्या दशकात तिथल्या हजारो पोरांनी गाडी बाहेर काढून त्या खोलीत गिटार आणि ड्रम आणले. बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स ऐकून त्यांना बँड काढायचा होता. वाजवता फारसं येत नव्हतं, पण जोर होता. एखादं गाणं स्थानिक रेडिओवर लागायचं, मग पोरं कॉलेजात नाहीतर व्हिएतनामला जायची आणि बँड संपायचा.

१९७२ मध्ये लेनी के नावाच्या गिटारिस्टने अशा विस्मरणात गेलेल्या गाण्यांचा ‘नगेट्स’ हा संग्रह काढला. या सगळ्या पसाऱ्याला पुढे गॅरेज रॉक म्हटलं जायला लागलं. म्हणजे पोरं गॅरेजात वाजवत होती तेव्हा त्यांना हे नाव माहीतच नव्हतं. नाव नंतर आलं, आणि ते गोळा करणाऱ्यांनी ठेवलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे तिचं काम आहे. गॅरेज रॉकचं राष्ट्रगीत म्हणावं असं गाणं म्हणजे ‘लुई लुई’. सगळ्यांना ते १९६३ च्या किंग्समेन या गोऱ्या पोरांच्या बँडमुळे माहीत आहे. पण ते लिहिलं आणि आधी गायलं रिचर्ड बेरी या लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय गायकाने, १९५७ मध्ये. त्याने गाण्याचे हक्क ७५० डॉलरला विकून टाकले होते. ते परत मिळायला १९८० चं दशक उजाडलं. गोरी अमेरिकन पोरं ज्या ब्रिटिश बँडची नक्कल करत होती, ते ब्रिटिश बँड शिकागोच्या आणि मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांची नक्कल करत होते. इतकी फिरून आलेली ही गोष्ट शेवटी ‘गोऱ्या पोरांचं संगीत’ म्हणून नोंदली गेली.

गोरीज: तिघं जण, बेस नाही

१९८६ मध्ये डेट्रॉइटच्या तिघांनी बँड काढला, द गोरीज. मिक कॉलिन्स आणि डॅन क्रोहा गिटारवर, पेगी ओनील ड्रम्सवर. कॉलिन्स कृष्णवर्णीय, बाकी दोघं गोरी. तिघांनाही सुरुवातीला वाद्यं धड येत नव्हती. बेस गिटार वाजवायला कुणी नव्हतंच. पेगीसमोर मोजकेच ड्रम होते आणि ती ते एखाद्या मिरवणुकीत वाजवावेत तसे सरळ, जड हाताने वाजवायची.

त्या काळात गॅरेज रॉकचं पुनरुज्जीवन करणारे बँड बाकीही होते. पण त्यातले बरेच जण १९६६ सालचे कपडे, त्याच सालचे केस आणि त्याच सालच्या गिटारी घेऊन नाटक बसवल्यासारखे उभे राहायचे. गोरीजने वेगळं केलं. गॅरेज रॉक ज्याच्या पोटातून आलं त्या ब्लूज आणि जुन्या आर अँड बीकडे ते थेट गेले आणि ते संगीत सांगाडा उरेपर्यंत सोलून काढलं.

१९८९ ते १९९२ या काळात त्यांचे तीन अल्बम आले. दुसऱ्याचा निर्माता होता अॅलेक्स चिल्टन, बिग स्टार या बँडचा. त्याला गोरीजमध्ये काहीतरी दिसलं आणि त्याने तो अल्बम मेम्फिसला रेकॉर्ड केला. तो बाहेर आला फ्रान्समधल्या कंपनीकडून. डेट्रॉइटच्या बँडला कंपनी मिळाली ती समुद्रापलीकडे, यातच त्यांच्या शहरातली परिस्थिती कळते. तिसऱ्या अल्बमनंतर बँड फुटला.

आता व्हाइट स्ट्राइप्स आठवा. १९९७ मध्ये सुरू झाले. दोघंच जण, बेस नाही, ड्रम्स मुद्दाम साधे, सरळ, पुन्हा एक बाई ड्रम्सवर आणि मुळाशी ब्लूज. जॅक व्हाइटने हे कधी लपवलेलं नाही. गोरीजचं कौतुक तो मोकळेपणाने करत आलाय आणि त्याच्या थर्ड मॅन या कंपनीने गोरीजचं जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग काढलंही. त्यामुळे ही चोरीची गोष्ट नाही. संगीतात एकाकडून दुसऱ्याकडे गोष्टी अशाच जातात. प्रश्न फक्त एवढाच की जाताना नाव आणि पैसा कुणाकडे थांबतो.

गंमत बघा, स्टेडियममधली ती सात स्वरांची चाल ऐकताना सगळ्यांना वाटतं बेस वाजतोय. तो बेस नाहीच. गिटारचाच आवाज पेडलने खाली ओढलेला आहे, कारण बँडमध्ये बेस वाजवणारं कुणी नव्हतं.

दोन ड्रम, दोन बेस, एक माणूस गात असलेला

गोरीजनंतर कॉलिन्सने नव्वदच्या दशकात दुसरा बँड उभा केला आणि आधीच्या बँडच्या बरोबर उलटं टोक पकडलं. तिथे बेस नव्हता, इथे दोन. तिथे मोजके ड्रम, इथे दोन अख्खे सेट आणि दोन ड्रमर. दोन बेसपैकी एक साधा, दुसऱ्याचा आवाज फझ लावून फाटलेला, करवतीसारखा. गिटार एकच, कॉलिन्सची. हेच डर्टबॉम्ब्स.

माणसं बदलत राहिली. पॅट पँटानो आणि बेन ब्लॅकवेल हे दोन ड्रमर बराच काळ टिकले. ब्लॅकवेल हा जॅक व्हाइटचा भाचा, आज थर्ड मॅन कंपनीतला मोठा माणूस. को मेलिना, ट्रॉय ग्रेगरी, जिम डायमंड असे बेसवाले येत-जात राहिले. डेट्रॉइटच्या त्या छोट्या जगात सगळेच सगळ्यांच्या बँडमध्ये असायचे.

कॉलिन्सच्या डोक्यात एक योजना होती. प्रत्येक अल्बम वेगळ्या प्रकारच्या संगीताचा करायचा. एक झाला की तो प्रकार सोडायचा आणि पुढे जायचं. ही योजना त्याने जवळपास शब्दशः पाळली, आणि माझ्या मते बँडच्या थोरपणाचं आणि अपयशाचं कारण एकच आहे, ते हे.

लॉस एंजेलिसच्या ‘इन द रेड’ या छोट्या कंपनीने १९९८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम काढला. गोंगाटाचा, कच्चा. त्याच वर्षी कॉलिन्स आणि डॅन क्रोहा यांनी आंद्रे विल्यम्स या डेट्रॉइटच्या पन्नाशीच्या दशकातल्या आर अँड बी गायकाचा ‘सिल्की’ हा अल्बम केला. विल्यम्स तोवर विस्मरणात गेला होता. पुढची जवळपास वीस वर्षं तो पुन्हा स्टेजवर होता. अशा गोष्टी कुठल्या यादीत मोजल्या जात नाहीत.

मग आलं २००१.

ज्या वर्षी सगळं घडलं

त्या वर्षी स्ट्रोक्सचा पहिला अल्बम आला. व्हाइट स्ट्राइप्सचा तिसरा आला आणि ब्रिटनमध्ये जॉन पील या रेडिओ निवेदकाने त्यांना उचलून धरलं. ब्रिटिश मासिकं डेट्रॉइटचं नाव घ्यायला लागली. पुढच्या वर्षी ‘रोलिंग स्टोन’ने व्हाइन्सना मुखपृष्ठावर घेऊन रॉक परत आल्याची घोषणा केली. मोठ्या कंपन्यांना गिटारवाली पोरं हवी होती, आणि जी दिसतील ती हवी होती.

जॅक व्हाइटने याच काळात डेट्रॉइटच्या बँडना आपल्या घरी बोलावलं, एकाच जागी, त्याच साधनांवर एकेक गाणं रेकॉर्ड केलं आणि संग्रह काढला. त्यात डर्टबॉम्ब्स होते, डेट्रॉइट कोब्राज होते, व्हॉन बॉन्डीज होते. नाव मिळालेल्या माणसाने शेजाऱ्यांना सोबत घ्यायचा केलेला हा प्रामाणिक प्रयत्न होता, हे मान्य करायला हवं.

आणि याच २००१ मध्ये डर्टबॉम्ब्सचा दुसरा अल्बम आला, ‘अल्ट्राग्लाइड इन ब्लॅक’.

एक गाणं वगळलं तर या अल्बममधली सगळी गाणी दुसऱ्यांची आहेत. स्टीव्ही वंडर, कर्टिस मेफील्ड, मार्व्हिन गे, स्लाय स्टोन, बॅरी व्हाइट. आयर्लंडच्या थिन लिझी बँडचा कृष्णवर्णीय गायक फिल लिनॉट याचंही एक. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातलं सोल आणि फंक, पण फाटलेल्या बेसवर, दोन ड्रमरच्या धडधडीत, गॅरेज रॉकच्या आवाजात.

वरवर बघितलं तर पार्टीत लावायचा धमाल अल्बम. पण तो कुठल्या वर्षी आला ते बघा. सगळं जग गॅरेज रॉकला गोऱ्या, बारीक, लेदर जॅकेट घातलेल्या पोरांचं संगीत म्हणत असताना डेट्रॉइटचा एक कृष्णवर्णीय गिटारिस्ट म्हणतोय की ‘लुई लुई’ आणि मोटाउन हे एकाच घरातले आहेत. त्याने हे भाषण करून सांगितलं नाही, वाजवून दाखवलं. समीक्षकांनी अल्बमला भरभरून दाद दिली. आजही डर्टबॉम्ब्सचं नाव निघालं की आधी हाच आठवतो.

कौतुक झालं, मग पैसे कुठे गेले?

इथे गाण्याच्या धंद्याचं एक साधं गणित समजून घेऊ, कारण ते डर्टबॉम्ब्सच्या मुळावर आलं.

कुठल्याही गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक गाणं लिहिणाऱ्याचा, दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. दुसऱ्याचं गाणं तुम्ही गायलंत तर लेखनाचा पैसा मूळ लेखकाला जातो. तुम्हाला फक्त रेकॉर्डिंगचा वाटा. आणि अमेरिकेत तर एक अजब नियम आहे. साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं लागलं तर लेखकाला पैसे मिळतात, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला काहीच नाही. म्हणजे डर्टबॉम्ब्सनी वाजवलेलं स्टीव्ही वंडरचं गाणं अमेरिकन रेडिओवर शंभर वेळा लागलं तरी पैसे वंडरच्या खात्यात.

उलट ‘सेव्हन नेशन आर्मी’ जॅक व्हाइटने स्वतः लिहिलेलं. ते कुठेही लागो, लेखकाचा वाटा त्याच्याकडे येतो. डर्टबॉम्ब्सचा सगळ्यात गाजलेला अल्बम हा त्यांचा लेखनातून सगळ्यात कमी कमावणारा अल्बम असणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

त्यात माणसं पाच. व्हाइट स्ट्राइप्सच्या एका कार्यक्रमाचे पैसे दोघांत वाटले जायचे, इथे पाचांत. दौऱ्यावर जायचं तर पाच तिकिटं, मोठी गाडी, दोन ड्रम सेट. छोट्या कंपनीच्या बँडसाठी ही चैन होती. आवाज जितका भव्य, हिशोब तितका अवघड.

आणखी एक कारण बाजाराचं. व्हाइट स्ट्राइप्स एका फोटोत कळायचे, लाल, पांढरा, काळा, दोघं जण. स्ट्रोक्स एका फोटोत कळायचे. डर्टबॉम्ब्सच्या फोटोत वेगवेगळ्या वयाची पाच माणसं, आणि कुणी आशियाई, कुणी गोरं, मध्ये एक कृष्णवर्णीय गायक, आणि पुढच्या अल्बममध्ये ते काय वाजवणार याचा पत्ता नाही. कंपन्यांना विकायला एक वाक्य लागतं. यांच्याबद्दल एका वाक्यात सांगता येत नव्हतं.

वर्णाचा मुद्दा इथे टाळता येणार नाही. २००२ च्या त्या लाटेत मोठ्या कंपन्यांनी ज्यांना पुढे केलं ते चेहरे आठवा. जवळपास सगळे गोरे. कुणी बसून कट केला असं नाही. पण ‘रॉक बँड कसा दिसतो’ याचं चित्र ‘लुई लुई’च्या काळापासून तयार होतं आणि कॉलिन्स त्या चित्रात बसत नव्हता. ज्या संगीताचं बूड त्याच्या लोकांनी घातलं, त्यातच तो अपवाद म्हणून मोजला गेला.

पण सगळा दोष बाजारावर टाकला तर तेही खोटं ठरेल. कॉलिन्स स्वतः कमालीचा हट्टी माणूस आहे. लाट ऐन भरात असताना तो मुलाखतींमधून सांगत राहिला की डर्टबॉम्ब्स हा गॅरेज बँड नाहीच. ज्या पाटीमुळे लोक दुकानात येत होते तीच पाटी तो उतरवत होता. २००३ मध्ये ‘डेंजरस मॅजिकल नॉइज’ आला. या वेळी बहुतेक गाणी स्वतःची, चांगली, लक्षात राहणारी. याच सुमारास पुढचा अल्बम पटकन यायला हवा होता. तो आला २००८ मध्ये. पाच वर्षांत लाट ओसरून गेली होती. मधल्या काळात फक्त २००५ चा दोन सीडींचा संग्रह आला, पन्नासहून जास्त गाण्यांचा, एका सीडीवर स्वतःची गाणी, दुसरीवर दुसऱ्यांची. इतकी गाणी त्यांनी वर्षानुवर्षं छोट्या रेकॉर्डवर सुटी सुटी काढून टाकली होती. हिशोबी माणसाने त्यातून तीन अल्बम केले असते.

स्टुडिओतला माणूस कोर्टात

या सगळ्यात एक प्रकरण असं आहे जे श्रेयाचा प्रश्न अगदी उघडा करतं.

जिम डायमंड हे नाव वर आलंच. तो डर्टबॉम्ब्समध्ये बेस वाजवायचा आणि डेट्रॉइटमध्ये त्याचा घेटो रेकॉर्डर्स हा स्टुडिओ होता. शहरातल्या कितीतरी बँडचे पहिले अल्बम तिथे झाले. व्हाइट स्ट्राइप्सचा १९९९ चा पहिला अल्बमही. बँड मोठा झाल्यावर डायमंडने दावा लावला. त्याचं म्हणणं, हा आवाज घडवण्यात माझाही हात आहे, तर कमाईत वाटा हवा. २००६ मध्ये ज्युरीने व्हाइट स्ट्राइप्सच्या बाजूने निकाल दिला. डायमंडला काही मिळालं नाही.

निकाल चुकीचा होता असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. आवाज ही कुणा एकाची मालमत्ता ठरवणं कायद्याला जमत नाही, आणि जमलं तर कदाचित आणखी वाईट होईल. पण ज्या शहरात सगळे एकमेकांच्या घरी, एकमेकांच्या मायक्रोफोनवर, अनेकदा कागद न करता रेकॉर्ड करत होते, त्या शहरात अचानक एकाच्या घरी पैसा आला की काय होतं ते इथे दिसलं. जॅक व्हाइट आणि व्हॉन बॉन्डीजच्या गायकात २००३ मध्ये क्लबमध्ये झालेली मारामारीही याच काळातली. त्यात व्हाइटने कोर्टात गुन्हा कबूल केला होता.

आणि मग त्यांनी टेक्नो वाजवलं

२०११ च्या सुरुवातीला दोन गोष्टी अगदी पाठोपाठ झाल्या. २ फेब्रुवारीला व्हाइट स्ट्राइप्सनी बँड संपल्याचं जाहीर केलं. आणि त्याच सुमारास डर्टबॉम्ब्सचा ‘पार्टी स्टोअर’ बाजारात आला. पहिली बातमी जगभर गेली. दुसरी, माझ्या मते, जास्त महत्त्वाची होती.

‘पार्टी स्टोअर’ हा डेट्रॉइट टेक्नोचा अल्बम आहे, पण मशीनवर नाही, गिटार, बेस आणि ड्रम्सवर वाजवलेला.

टेक्नो म्हटलं की लोकांना बर्लिन आठवतं. गोव्याच्या किनाऱ्यावर नाचणाऱ्यांनाही ते युरोपातून आलेलं वाटतं. प्रत्यक्षात टेक्नो १९८० च्या दशकात डेट्रॉइट आणि शेजारच्या बेलव्हिल गावातल्या कृष्णवर्णीय तरुणांनी घडवलं. हुआन अॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन ही त्यातली तीन मोठी नावं. गाड्यांचे कारखाने बंद पडत होते, लोक शहर सोडत होते. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं असलेलं डेट्रॉइट २००० पर्यंत साडेनऊ लाखांवर आलं होतं. त्या रिकाम्या होत चाललेल्या शहरात या पोरांनी मशीनमधून भविष्याचं संगीत काढलं, आणि ते डोक्यावर घेतलं युरोपने.

कॉलिन्सने ही सगळी गाणी पोरवयात पार्ट्यांमध्ये आणि रेडिओवर ऐकलेली होती. त्याच्यासाठी ते परकं नव्हतं. टेक्नोची मशीन सेकंदाचा काटा न चुकवता एकच ठेका देते. दोन माणसांनी तो ठेका हाताने दहा-दहा मिनिटं धरायचा म्हणजे काय, हे कुठल्याही ढोल-ताशा पथकात वाजवलेल्याला सांगावं लागणार नाही. ‘बग इन द बेस बिन’ या कार्ल क्रेगच्या रचनेला त्यांनी वीस मिनिटांच्या पुढे नेलं, आणि खुद्द कार्ल क्रेग त्यात सिंथेसायझर वाजवायला आला.

आता २००१ चा अल्बम आणि हा, दोन्ही शेजारी ठेवून पाहा. एकात सोल, एकात टेक्नो. दोन्हींत एकच म्हणणं आहे. मोटाउन, स्टूजेस, गोरीज, टेक्नो ही वेगवेगळ्या दुकानांत ठेवलेली रेकॉर्ड्स असतील, पण ती एकाच शहरातल्या, एकमेकांना ऐकणाऱ्या लोकांनी केलेली आहेत. ‘रिव्हायव्हल’ म्हणजे पुनरुज्जीवन. जे मेलंय त्याचंच पुनरुज्जीवन होतं. कॉलिन्सच्या लेखी यातलं काहीच मेलेलं नव्हतं, म्हणून तो शब्द त्याला कधी पटला नाही.

अल्बमचं कौतुक झालं. विक्री व्हायची तेवढीच झाली. २०१३ मध्ये त्यांनी ‘बबलगम’ प्रकारच्या, चॉकलेटी पॉप गाण्यांचा अल्बम काढला. तो करणार असं कॉलिन्स किती वर्षं सांगत होता, लोकांना थट्टा वाटायची. तो त्यांचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. त्याच वर्षी जुलैमध्ये डेट्रॉइट शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला, अमेरिकेच्या इतिहासातला कुठल्याही शहराचा सगळ्यात मोठा.

हॉल ऑफ फेममध्ये जातं कोण?

नियम साधा आहे. पहिलं रेकॉर्ड येऊन २५ वर्षं झाली की बँड पात्र. मग एक समिती नावं सुचवते आणि संगीतातले हजाराहून जास्त लोक मत देतात. त्या हिशोबाने गोरीज २०१४ च्या सुमाराला पात्र झाले, डर्टबॉम्ब्सही केव्हाच. त्यांचं नाव कुणी सुचवेल अशी शक्यता आज तरी दिसत नाही. मत देणाऱ्याने नाव ऐकलेलं असावं लागतं.

याच शहरातल्या एमसीफाइव्ह या बँडचं उदाहरण पुरेसं आहे. साठच्या दशकातला हा बँड पंकच्या कितीतरी आधी पंक वाजवत होता. त्यांचं नाव अनेकदा मतदानाला आलं आणि प्रत्येक वेळी पडलं. शेवटी २०२४ मध्ये मतदानाशिवाय, एका वेगळ्या सन्मानाखाली त्यांना आत घेतलं. गिटारिस्ट वेन क्रेमर त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला, ड्रमर डेनिस थॉम्पसन मे महिन्यात. ऑक्टोबरमधल्या सोहळ्याला पाचपैकी एकही जण जिवंत नव्हता.

गोरीजचे तिघं मात्र २००९ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि मेम्फिसच्या ऑब्लिव्हियन्स या बँडबरोबर युरोप-अमेरिकेत वाजवून आले. त्यांचे जुने अल्बमही पुन्हा छापले गेले.

ऐकायचं असेल तर सुरुवात ‘अल्ट्राग्लाइड इन ब्लॅक’पासून करा. मूळ गाणी माहीत नसली तरी चालेल. हेडफोन लावून ऐका म्हणजे दोन ड्रमर वेगळे कळतील. ते आवडलं तर ‘पार्टी स्टोअर’, पण ते वीस मिनिटांचं गाणं पहिल्याच दिवशी नको. आणि गोरीज सगळ्यात शेवटी ऐका. पहिल्या मिनिटाला वाटेल की यांना वाजवताच येत नाही. तीन गाणी थांबा.